आवाज का फाटतो?

सुमारे २८ एकरांचं मैदान, भोवती एक किलोमीटरहून लांब कट्टा, कट्ट्यापलीकडे रस्ता आणि रस्त्याला लागून राहत्या इमारती. एका टोकाला व्यासपीठ. त्या व्यासपीठावरच्या एका माणसाचा आवाज कट्ट्यावर बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचा. शिवाजी पार्कात हे काम अनेक दशकं चाललेलं आहे. १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुलं झालं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवरायांचं नाव मिळालं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा इथेच झाला. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो माणसांना याच मैदानाचा आसरा असतो.

या मैदानाच्या आठवणी निघतात त्या वक्त्यांच्या. मला आज बोलायचं आहे ते वक्ता आणि श्रोता यांच्यामध्ये गुपचूप बसलेल्या एका डब्याविषयी, म्हणजे ॲम्प्लिफायरविषयी. तुम्ही म्हणाल, हा कविता लिहिणारा बी.ए. माणूस, याला ट्रान्झिस्टरशी काय करायचंय? पण कवीचं अर्धं आयुष्य माईकसमोर जातं. संमेलनात, मुशायऱ्यात, गणपतीच्या मंडपात आपला शब्द लोकांपर्यंत नीट जातो की नाही, हे त्या डब्यावर ठरतं. म्हणून मी माईकवाल्यांशी गप्पा मारत आलो, आणि त्यांनी जे सांगितलं ते पुस्तकांत पडताळून पाहत आलो.

माईकवाल्यांकडे लोकांच्या दोन तक्रारी नेहमी येतात. एक, 'आवाज उठत नाही.' दुसरी, 'आवाज फाटतोय.' ऐकणाऱ्याला वाटतं, दोन्हींवर औषध एकच, बटण पिळा किंवा मोठा ॲम्प्लिफायर आणा. खरं तर हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला बहुधा डब्याच्या दाराशी होतो, दुसरा छताशी. अभियंत्यांच्या भाषेत पहिल्याचं नाव आहे इनपुट इम्पीडन्स आणि दुसऱ्याचं व्होल्टेज स्विंग.

हे दोन्ही प्रश्न नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. माणसाचा आवाज विजेने मोठा करून हजारोंच्या समुदायाला ऐकवण्याची कला विसाव्या शतकातली. १९१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन डिएगोच्या स्टेडियममध्ये सुमारे ५० हजार लोकांपुढे लाऊडस्पीकरवरून भाषण केलं, ते या कलेचं सुरुवातीचं मोठं प्रात्यक्षिक. तेव्हापासून पुढची चाळीसेक वर्षं हे काम काचेच्या व्हॉल्व्हनी केलं. ज्यांनी जुने रेडिओ उघडलेले पाहिले असतील त्यांना आतले तांबूस उजेडाचे ते दिवे आठवतील. व्हॉल्व्हचा सेट जड, तापणारा, चालू केल्यावर जरा वेळाने बोलणारा. धक्का लागला तर फुटणारा. पण त्याचे दोन मोठे गुण होते. त्याच्या ग्रिड नावाच्या जाळीला माईककडून जवळजवळ काहीच करंट लागत नसे. आणि तो २५० ते ४०० व्होल्टवर चालत असे, त्यामुळे आतल्या विजेला हालचाल करायला ऐसपैस जागा मिळे.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. १९५६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि विल्यम शॉक्ली यांना मिळालं. हरभऱ्याएवढ्या या वस्तूने व्हॉल्व्हला हळूहळू घरी बसवलं. आपल्याकडे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले एसी १२८ आणि बीसी १४८ हे ट्रान्झिस्टर लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून घेऊन कितीतरी मुलांनी घरी रेडिओ जोडले. हातगाडीवर १२ व्होल्टची बॅटरी ठेवून प्रचारफेरी काढणं सोपं झालं. मात्र व्हॉल्व्हबरोबर आयते मिळणारे ते दोन गुण गेले. ते आता आखणी करून, हिशेब मांडून मिळवावे लागू लागले.

पहिला आजार पाहू. माईकमधून निघणारी वीज किती असते? साध्या डायनॅमिक माईकसमोर तोंड जवळ नेऊन बोललं तर एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. मैदानावर लांब तारांनी कर्णे जोडताना ॲम्प्लिफायरमधून बहुधा १०० व्होल्टची लाइन काढतात. लांब तारेतून कमी व्होल्ट आणि जास्त करंट पाठवला तर बरीच शक्ती तारेतच तापून जाते. म्हणून व्होल्टेज चढवून पाठवायचं आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरने उतरवायचं. धरणापासून शहरापर्यंत वीज अशीच येते. आता हिशेब करा. दोन मिलिव्होल्टचे १०० व्होल्ट करायचे म्हणजे ५० हजार पट वाढ. ज्या भांडवलावर एवढा व्यवहार करायचा ते दाराशीच सांडलं, तर पुढे कितीही पट केली तरी उपयोग नाही. सांडलेल्याबरोबर खरखर मात्र तेवढ्याच पटीने वाढते.

हे सांडतं कसं? लालबाग-परळच्या चाळींत राहिलेल्यांना हे लगेच कळेल. सकाळी पाणी आलं की वरच्या मजल्याच्या नळाला धार येते. एवढ्यात खाली कुणी मोठा नळ पूर्ण सोडला की वरची धार करंगळीएवढी होते. टाकीतलं पाणी कमी झालेलं नसतं. पाइप अरुंद, त्यातून एकदम जास्त पाणी ओढलं गेलं, म्हणून दाब पडला. माईकचंही तसंच. त्याच्या आत स्वतःचा एक अडथळा असतो, तो त्याचा अरुंद पाइप. ॲम्प्लिफायरने त्यातून जास्त करंट ओढला की माईकचं व्होल्टेज त्याच्या आतल्या आतच पडतं.

ॲम्प्लिफायरचं दार किती करंट ओढतं, हे त्याच्या इनपुट इम्पीडन्सवरून कळतं. इम्पीडन्सला आपल्या शास्त्रपुस्तकांत 'संरोध' म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. दाराचा संरोध जितका जास्त, तितकी ओढ कमी. माईकचा अडथळा २०० ओहम आणि ॲम्प्लिफायरच्या दाराचा संरोधही २०० ओहम असेल, तर माईकचं निम्मं व्होल्टेज आतच राहतं, निम्मंच पदरात पडतं. दाराचा संरोध २,००० ओहम केला, तर ११ भागांतले १० भाग पदरात पडतात. म्हणून माईकवाल्यांचा आणि अभियंत्यांचा एक ढोबळ नियम आहे. दाराचा संरोध उगमाच्या दहापट तरी असावा.

साध्या जोडणीतला ट्रान्झिस्टर इथेच अडतो. व्हॉल्व्हची जाळी काही मागत नसे. ट्रान्झिस्टरच्या बेसला मात्र प्रत्येक वेळी थोडा करंट द्यावा लागतो. त्यातून एक मिलिॲम्पियर करंट वाहत असेल आणि तो करंटची १०० पट वाढ करत असेल, तर त्याच्या दाराचा संरोध जेमतेम २,५०० ओहम भरतो. डायनॅमिक माईकला तेवढा चालतो. पण पूर्वी स्वस्त सेटबरोबर क्रिस्टल माईक मिळत असत. त्यांना १० लाख ओहमच्या आसपासचं दार लागतं. व्हॉल्व्हच्या सेटला जोडलेला असा माईक छान बोले. तोच साध्या ट्रान्झिस्टर सेटला जोडला की आवाज बसे, आणि जो येई तोही पातळ, पत्र्याचा. कारण क्रिस्टल माईकवर भार पडला की खर्जाचा भाग आधी जातो. माणूस तोच, पण छातीतला आवाज नाकातला वाटू लागतो. लोक वक्त्याच्या घशाला दोष देत, प्रत्यक्षात दोष जोडणीत असे.

यावर उपाय आहेत. ट्रान्झिस्टरच्या एमिटर नावाच्या पायाला एक रोधक जोडला की दाराचा संरोध झपाट्याने वाढतो. एक हजार ओहमचा रोधक जोडला तर, जुळवणीचे बाकीचे रोधक आडवे आले नाहीत तर, तो एक लाख ओहमपर्यंत जातो. किंवा आवाज न वाढवता फक्त भार उचलणारा एक ट्रान्झिस्टर दाराशी उभा करायचा. पुढे आलेल्या फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरने तर व्हॉल्व्हच्या जाळीचाच गुण परत आणला, त्याच्या दाराला करंट जवळजवळ लागतच नाही.

मुशायऱ्यात मी चांगला श्रोता कुणाला म्हणतो? जो शायराला मध्येच ओढत नाही, शेर पुरा होऊ देतो आणि मग दाद देतो. ॲम्प्लिफायरच्या दाराकडून अपेक्षा एवढीच आहे. उगमावर भार न टाकता ऐकायचं. पुढची सगळी ताकद बॅटरीने द्यायची.

आता दुसरा आजार. वीज आत नीट आली, टप्प्याटप्प्याने मोठी झाली, आणि तरीही कर्ण्यातून आवाज फाटून आला. हे का होतं?

ट्रान्झिस्टर स्वतः वीज निर्माण करत नाही. तो बॅटरीची वीज माईकच्या इशाऱ्यावर कमीजास्त सोडतो. बॅटरी १२ व्होल्टची असेल, तर त्याच्या कलेक्टरवरचं व्होल्टेज शून्याच्या खाली जाऊ शकत नाही आणि १२ च्या वर जाऊ शकत नाही. खाली जमीन, वर छत. आपला आवाज म्हणजे खालीवर होणारी लाट. त्या लाटेला दोन्हीकडे सारखी जागा मिळावी म्हणून ट्रान्झिस्टर शांत असताना त्याचं व्होल्टेज मधोमध, सहाच्या आसपास बसवतात. मग लाटेला वर सहा आणि खाली सहा, प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी जागा मिळते. या खालीवर होण्याच्या पल्ल्याला व्होल्टेज स्विंग म्हणतात. मी त्याला विजेचा झोका म्हणतो.

पोटमाळ्याखाली दोरीच्या उड्या मारणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. बेताने उडी मारली तर ठीक. जोरात मारली की डोकं फळीला आपटतं, आणि मग कितीही जोर लावला तरी उडी फळीच्या वर जात नाही. विजेच्या लाटेचंही तेच होतं. तिचा गोल माथा छताला टेकून सपाट होतो. हा सपाट झालेला माथा कर्ण्यातून बाहेर पडला की आपण म्हणतो, आवाज फाटला. सपाट माथ्याच्या कडांतून मूळ आवाजात नसलेले तीव्र सूर तयार होतात. कानाला टोचतात ते हेच.

झोका मधोमध बसवलेला नसेल तर अडचण आणखी वाढते. शांत अवस्थेतलं व्होल्टेज सहाऐवजी नऊवर बसलं, तर वर फक्त तीनच व्होल्टची जागा उरते आणि एका बाजूचा माथा लवकर कापला जातो. जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेने आपली बैठक बदलत. सकाळी तपासून ठेवलेला सेट दुपारच्या उन्हात वेगळाच वागू लागे. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरने हा त्रास बराच कमी केला.

बॅटरीचीही एक गंमत आहे. ती उतरली की छतच खाली येतं. १२ चे १० व्होल्ट झाले की तोच आवाज आता फाटतो. आपल्या सभांत मुख्य वक्ता सगळ्यांत शेवटी बोलतो. तोवर बॅटरी दमलेली असते आणि वक्ता तापलेला. हातगाडीवरच्या सभेत सर्वांत मोठ्या माणसाचा आवाज सर्वांत वाईट ऐकू येण्याचं हे एक कारण.

आता या दोन आजारांचं एकमेकांशी नातं पाहा. दाराचा संरोध वाढवायला आपण एमिटरला रोधक जोडला. त्या रोधकावर स्वतःचे एखाद-दोन व्होल्ट खर्च होतात, म्हणजे झोक्याची जागा तेवढी कमी होते. शिवाय त्या टप्प्याची आवाज वाढवण्याची पटही घटते, म्हणून आणखी एक टप्पा लावावा लागतो. बारा व्होल्टच्या संसारात इकडे दिलं की तिकडे कमी पडतं. म्हणून जाणकार कामाची वाटणी करतात. पहिल्या टप्प्यावर वीज मिलिव्होल्टांतच असते, तिला छताची भीती नाही, तिथे संरोध सांभाळायचा. शेवटच्या टप्प्यावर माईक कुठल्या कुठे राहिलेला असतो, तिथे झोका सांभाळायचा. चांगल्या आणि वाईट सेटमधला फरक या वाटणीत असतो, डब्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यात तो दिसत नाही.

त्या वॉटच्या आकड्याने आपल्याला भुरळ घातली आहे, म्हणून त्याचाही हिशेब करू. १२ व्होल्टच्या बॅटरीवर साध्या, ट्रान्सफॉर्मर नसलेल्या जोडीच्या ॲम्प्लिफायरला चार ओहमचा स्पीकर लावला, तर न फाटता मिळणारी शक्ती फार तर साडेचार वॉट. बॅटरी २४ व्होल्टची केली तर १८ वॉट. छत दुप्पट उंच, शक्ती चौपट. पण कानाला किती? फक्त सहा डेसिबल जास्त. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. आणि मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल हातचे जातात. मैदानाच्या एका टोकाला भिंतीएवढे स्पीकर रचून दुसऱ्या टोकाला ऐकवायचं म्हटलं तर पुढच्या रांगेचे कान बधिर होणारच.

वक्ता ओरडला तर काय होतं? साध्या बोलण्यात आणि ओरडण्यात सहज वीस डेसिबलचा फरक असतो. म्हणजे माईकवर दहापट व्होल्टेज, आणि शेवटी शंभरपट शक्तीची मागणी. साध्या बोलण्याला जो ॲम्प्लिफायर दोन वॉट देत होता, त्याच्याकडे आता २०० वॉट मागितले जातात. तो १०० वॉटचा असेल तर माथा कापतो. कापलेली, चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती स्पीकरमध्ये ओतते. स्पीकरची कॉइल जळते ती बऱ्याचदा अशी.

फाटलेल्या आवाजातूनही शब्द बऱ्यापैकी कळतात, हे इथे सांगायला हवं. लष्करी आणि पोलिसी वायरलेसमध्ये तर लाटेचे माथे मुद्दाम छाटतात, म्हणजे कमी ताकदीत शब्द लांब जातो. हुकूम पोचवायला तो पुरेसा आहे. पण हळू आणि मोठा, कुजबुज आणि हाक, यांतला फरक त्यात सपाट होतो. शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) यांचा विचार मी या संदर्भात नेहमी करतो. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, लाल बावटा कलापथकातून आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतून घराघरांत पोचलेले. त्यांच्या आवाजाला लोक पहाडी म्हणत. तो काळ व्हॉल्व्हच्या सेटचा होता, छत उंच होतं. पहाड उंच वाटायला शेजारी दरी लागते. आवाज सतत छताला टेकलेला असेल तर दरी उरत नाही आणि पहाडही. कवितेत अर्थाचा मोठा भाग या चढउतारात असतो. तो कापला गेला तर शब्द पोचतात, म्हणणारा माणूस पोचत नाही.

हा प्रश्न फक्त कवींचा असता तर मी एवढं बोललो नसतो. शिवाजी पार्कभोवती माणसं राहतात. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आहेत, आजारी म्हातारे आहेत, बालमोहनसारखी शाळा हाकेच्या अंतरावर आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे मैदान शांतता क्षेत्र मानण्याचा आदेश दिला. त्यानंतर कोणत्या सभेला मुभा द्यायची आणि कोणत्या नाही, यावर बरेच वाद झाले. एक बाजू म्हणते, लोकांना ऐकू गेलं पाहिजे. दुसरी म्हणते, आम्हाला घरात जगू द्या. दोन्ही मागण्या रास्त आहेत, आणि ॲम्प्लिफायरचा हिशेब दोघांच्याही उपयोगाचा आहे.

एका टोकाला प्रचंड भिंत उभी करण्याऐवजी मैदानभर थोड्या थोड्या अंतरावर लहान कर्णे लोकांकडे तोंड करून लावले, तर प्रत्येकाला जवळून, कमी आवाजात ऐकू येतं आणि कट्ट्याबाहेर कमी सांडतं. मात्र आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून लांबच्या कर्ण्यांचा आवाज थोडा थांबवून सोडावा लागतो, नाहीतर प्रतिध्वनीत शब्द गुंततात. आता डिजिटल यंत्रं हे सहज करतात. आजचे ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टर उघडझाप पद्धतीने वापरतात, हलके असतात, कमी तापतात. त्यांनाही पुरवठ्याच्या व्होल्टेजचं छत आहे आणि त्यांचंही माथं तिथेच आपटतं.

तुमच्या गल्लीत, मंडळात, लग्नाच्या हॉलमध्ये उद्या आवाज फाटला तर एक करून पाहा. माईकवाले शेवटचं मोठं बटण कमी करतात, तरी आवाज फाटलेलाच राहतो, फक्त हळू फाटतो. असं झालं तर समजा, लाट आधीच्या टप्प्यातच छताला लागली आहे. तेव्हा त्यांना सांगा, 'दादा, माईकचं बटण उतरवा आणि मोठं बटण थोडं चढवा.' वक्त्यालाही हळूच सांगा, तोंड माईकपासून वीतभर लांब घ्या. आणि उलट, आवाज उठतच नसेल, पातळ येत असेल, तर बटण पिळण्याआधी माईक त्याच्यासाठी असलेल्या भोकात खोचलाय का, ते पाहायला लावा. बहुतेक डब्यांवर माईकसाठी एक आणि बाहेरच्या वाद्यासाठी किंवा टेपसाठी दुसरं, अशी वेगवेगळी दारं असतात, आणि घाईत चुकीचं दार सापडणं नेहमीचं आहे. यासाठी नवा ॲम्प्लिफायर लागत नाही. खर्च एका मिनिटाचा आहे, आणि शेजारच्या इमारतीतल्या आजीलाही तेवढाच आराम.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)